पिल्लू येईपर्यंतचं पाडकाम

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी.

साइटवरच्या साहेबांनी मला समुपदेशनासाठी ज्या मॅडमकडे पाठवलं, त्या म्हणाल्या की राग आला की वहीत लिहीत जा. मला राग येत नाही. माझा आवाज मोठा आहे, एवढंच. आम्ही जुन्या इमारती पाडतो. साइटवर काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालू असताना हळू बोललेलं कुणाच्या बापाला ऐकू येत नाही. तीच सवय घरी येते. यात राग कुठे आला? तरी वही आणली. मॅडम चांगल्या घरच्या वाटल्या, त्यांना कशाला नाराज करा. राग आला की लिहायचं म्हटलं तर वही कोरीच राहील, म्हणून शांत असतानाच लिहिणार. म्हणजे रोज.

आता मुद्दा. आपल्या घरात कुत्र्याचं पिल्लू येणार.

लेकीला ते कधीपासून हवं होतं. लेक आणि बायको सध्या मेव्हणीकडे आहेत. हवापालट. कुकरचं झाकण उडालं त्याच संध्याकाळी गेल्या हे खरं, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. म्हणजे उडालं नाही, मी टाकलं. ते भिंतीला लागलं, माणसाला नाही. मी पाडकामातला सुपरवायझर आहे, जिथे नेम धरतो तिथेच बसतो. हे बायकोला समजावून सांगितलं तर ती आणखीनच जोरात बॅग भरायला लागली.

काल फोन करून लेकीला म्हटलं, घरी ये, पिल्लू आणतो. ती म्हणाली, आईला देते. मग बायकोने फोन घेतला. म्हणाली, पिल्लं देणाऱ्या एक बाई आहेत, त्या आधी घर बघतात आणि मगच देतात. त्यांना येऊ द्या. त्या हो म्हणाल्या तर पिल्लूही येईल आणि आम्हीही येऊ. मी म्हटलं, म्हणजे परकी बाई येऊन मला पास-नापास करणार? ती म्हणाली, हो. एवढं तोंडावर बोलायला मेव्हणीने शिकवलेलं दिसतंय.

असू दे. घराची परीक्षा म्हणजे माझ्या हातचा मळ. आयुष्यभर लोकांची घरं बघत आलोय. बाई सोळा तारखेला, रविवारी येणार. तोवर घर असं करून ठेवतो की बाई म्हणतील, मलाच इथे राहू द्या.

संकल्प: शांत डोक्याने, पद्धतशीर काम.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. संध्याकाळी.

बाईंना फोन केला. तयारी काय करू विचारलं. आवाज मऊ आहे बाईंचा, दोनदा विचारावं लागतं. म्हणाल्या, घर पिल्लाच्या नजरेने बघा. जमिनीवर रांगा, म्हणजे धोके दिसतील.

रांगलो. पाच मिनिटं झकास गेली. मग जेवायच्या टेबलाखालून बाहेर निघताना डोकं आपटलं. ठीक आहे, होतं असं. परत गेलो तर पुन्हा त्याच जागी. याला योगायोग म्हणत नाहीत. हे टेबल पहिल्यापासूनच माझ्या वाईटावर आहे. शांतपणे उठलो, हातोडी आणली आणि त्याचा एक पाय काढला. उरलेले तीन त्याने आपणहून सोडले. बरंच झालं, पिल्लाच्या डोक्याला लागलं असतं.

मग पलंगाखाली शिरलो आणि खांद्यात अडकलो. आत जाता आलं, बाहेर येता येईना. तेवढ्यात शेजारचे मास्तर आले. रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर आहेत, एकटेच राहतात, भिंतीला कान लावून असतात. धडधड कसली म्हणून विचारायला आले म्हणे. दार उघडं होतं आणि माझे पाय बाहेर. त्यांनी न सांगता न विचारता माझा पाय धरून ओढला. आता अचानक कुणी पाय धरला तर माणूस काय करणार? पाय आपोआप गेला. त्यांचा चष्मा गेला. मास्तर काचा गोळा करून घेऊन गेले. भरून देईन म्हणालो. म्हणालो की नाही ते आठवत नाही, पण मनात होतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.

आज कामाला खरी शिस्त लावली. आमच्या धंद्यात एक क्रम आहे. आधी काच, मग लाकूड, मग लोखंड, शेवटी भिंत. काच आधी नाही काढली तर पुढचा सगळा वेळ पायाखाली येते. नवी पोरं हा क्रम विसरतात आणि टाके घालून घेतात. पिल्लाचे पाय तर किती कोवळे. म्हणून घरालाही तोच क्रम लावला. साइटवर करतो तसं खडूने जे जे काढायचं त्यावर फुल्या मारल्या. फुल्या जरा जास्त झाल्या. पण एकदा मारलेली फुली आम्ही पुसत नाही.

पहिली फुली बायकोच्या शोकेसवर. हातोडीला फडकं गुंडाळून एका कोपऱ्यात हलकेच ठोका द्यायचा, काच सबंध निखळते. हे माझं खास कसब आहे, साइटवर लोक बघायला उभे राहतात. ठोका दिला. काच निखळली. बरोबर फळीही निखळली. फळीवर लेकीने केलेली मातीची जनावरं होती. हत्ती, घोडा, आणि एक काहीतरी होतं, गाय किंवा मी. तिने एकदा सांगितलं होतं, तेव्हा लक्ष नव्हतं.

चूक फळीची. कुणी बसवली होती कोण जाणे. बहुतेक मीच.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. दुपारी, सुट्टी घेऊन.

गोंद आणला. सगळे तुकडे वर्तमानपत्रावर मांडले. एवढा नाजूकपणा मी कधीच केला नसेल. घोड्याचे पाय जमले. हत्तीची सोंड घोड्याला चिकटली. हळूच सोडवायला गेलो तर माझ्या बोटाला चिकटली. बोट झटकलं. ती सुटली, पण घोडाही गेला.

आता असं आहे, की काही कामं दुरुस्तीची नसतातच. साइटवरही आम्ही म्हणतो, हे डागडुजीच्या पलीकडे गेलं, पाडा. सगळं बादलीत टाकून वरून पायाने नीट बारीक केलं, म्हणजे टोकं राहायला नकोत. पायाने बारीक करताना बरं वाटलं हे लिहायला हरकत नाही, मॅडम म्हणाल्या होत्या प्रामाणिक राहा.

लेकीला फोनवर सांगितलं नाही. पिल्लू आलं की तिला मातीच्या हत्तीची आठवण तरी राहील का?

शनिवार, ८ नोव्हेंबर.

स्वयंपाकघराच्या दारात लावायचं फाटक आणलं. लहान मुलांसाठी असतं तसलं. पाकिटावर हसणाऱ्या बाईचा फोटो आहे आणि ती एका बोटाने फाटक उघडते आहे.

मी एका बोटाने उघडून बघितलं. मग दोन्ही हातांनी. मग गुडघ्याने. खटका दाबायचा, उचलायचा आणि पुढे ढकलायचा, तिन्ही एकाच वेळी. तिसरा हात कुठून आणू? शिवाय मी बाहेर आणि चहाचं सामान आत. तासभर त्या फाटकाशी समजुतीने बोललो. मास्तरांनी पलीकडून रेडिओ मोठा केला. शेवटी फाटकावरून उडी मारली. पाय अडकला. फाटक घेऊनच खाली आलो, हनुवटीवर.

यानंतर काय झालं ते फार महत्त्वाचं नाही. फाटक आता बाल्कनीत आहे, त्याचे तुकडे जळाऊ लाकडाइतके झालेत. हसणाऱ्या बाईचा फोटोही.

उद्या सुताराला बोलावतो. कामं ज्याची त्याने करावीत.

सोमवार, १० नोव्हेंबर.

सुतार काल आला. शांत माणूस. अशा शांत माणसांचाच मला त्रास होतो. आला आणि दाराचं माप घेतलं. मग पुन्हा घेतलं. मी म्हटलं, दार काय वाढतंय का? तो म्हणाला, दादा, चौकट वाकडी आहे. मी म्हटलं, माझ्या घरात येऊन माझ्या चौकटीला नावं ठेवू नको. तो म्हणाला, नावं नाही ठेवत, कुणीतरी दार बरेचदा आपटलंय, त्याने वाकलीय. मी म्हटलं, कोण आपटतं? तो घरभर बघत राहिला. घरात मी एकटाच होतो.

मी थोडा पुढे झालो, बोलायलाच. त्याने टेप गुंडाळली, पिशवी उचलली आणि निघाला. त्याची पेन्सिल राहिली होती, ती मी त्याला दिली. म्हणजे त्याच्या दिशेने दिली. जिन्यात त्याच्या कानाजवळून गेली. परत द्यायची माझी पद्धत आहे ती.

मग आज कामावरून आल्यावर चौकट स्वतःच सरळ करायला घेतली. पहार घातली आणि अंगठ्यावर घण घालून घेतला. डोळ्यांपुढे काजवे. पहिल्यांदा डावा, मग त्याच्यावर चिडून उजवा. चौकट सरळ झाली नाही, बाहेर आली. सोबत वरच्या विटा. आता स्वयंपाकघराला दार नाही, चौकट नाही, थोडी भिंतही नाही. बघायला मोकळं वाटतं. हवा खेळती झाली. पिल्लाला आतबाहेर करायला चांगलंच आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. संध्याकाळी.

वायरी. बाईंनी बजावून सांगितलं होतं की पिल्लं वायरी चावतात. लोक वायरीवर नळी चढवतात. अर्धवट काम. मी म्हटलं, वायर भिंतीत गाडूनच टाकू. साइटवरून छोटा ब्रेकर आणला. भिंतीत सरळ रेघ मारायची होती. रेघ सुरेख चालली होती, मन लागलं होतं. ब्रेकर हातात असला की माझ्यासारखा शांत माणूस नाही. मग भिंतीतून पाणी आलं.

नळ तिथून जातो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी आधी आमच्या हॉलमध्ये, मग दाराखालून मास्तरांकडे. मुख्य कॉक सापडेपर्यंत मास्तरांच्या चटया तरंगायला लागल्या. ते दारात उभे होते, एका काडीचा जुना चष्मा दोऱ्याने बांधून. मला वाटलं आता भांडतील. मी तयारीत होतो. पण ते फक्त म्हणाले, मुलगी घरी नाही ना? मग ठीक आहे. आणि दार लावून घेतलं.

मुलगी घरी नाही ना, मग ठीक आहे. याचा अर्थ काय? हे विचारायला मी त्यांचं दार वाजवलं. नीटच वाजवलं. त्यांनी उघडलं नाही. पुन्हा वाजवलं. दाराला माझ्या मुठीएवढा खळगा पडला. हल्लीची दारं पुठ्ठ्याची असतात.

त्यांना घरातलं काय माहीत? भिंतीपलीकडून नुसते आवाज येतात. आवाजावरून माणसाची परीक्षा करतात का कुणी?

गुरुवार, १३ नोव्हेंबर.

पिल्लाला शिकवण्यावरचं पुस्तक आणलं. त्यात लिहिलंय, पिल्लाला कधीही मारू नये, ओरडू नये. एकच शब्द, ठाम पण प्रेमळ आवाजात. नको. एवढंच. हे मला येतंच. तरी सराव असावा.

लेकीचं कापडी अस्वल घेतलं. ते तिने जाताना नेलं नाही. बहुतेक विसरली. त्याला हॉलमध्ये बसवून त्याच्या तोंडाजवळ माझी चप्पल ठेवली, पिल्लू चप्पल चावतंय असं समजून. समोर मांडी घालून बसलो आणि ठाम पण प्रेमळ आवाजात म्हटलं, नको. अस्वलाने चप्पल सोडली नाही. म्हणजे सोडणार कशी, पण सराव म्हणून मी तसं धरलं. पुन्हा म्हटलं, नको. आता प्रेम तेवढंच, ठामपणा थोडा जास्त. ते तसंच बघत. त्याच्या डोळ्यांत एक मग्रुरी आहे, काचेचे असले म्हणून काय झालं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा पलीकडे मास्तरांच्या घरात काहीतरी पडलं.

अस्वलाचा कान हातात आला. मग हातही आला. भुसा घरभर. पण शेवटी चप्पल सुटली हे नोंदवून ठेवतो. सरावात होतं असं. खऱ्या पिल्लाच्या वेळी मला पूर्ण अंदाज आलेला असेल.

दुपारी साइटवर साहेब म्हणाले, हाताला पट्ट्या कसल्या? मी म्हटलं, घरी पिल्लू येतंय. साहेब म्हणाले, वाघाचं का? मजूर हसले नाहीत. मी आलो की ते बोलणं बंद करतात. माझ्या हाताखाली शिस्त आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

संध्याकाळी साडू आला. मेव्हणीचा नवरा, बँकेत असतो, चपलाही पायांनी न काढता हातांनी काढून जोडीने ठेवतो. बायकोने पाठवलं असणार, घर बघायला. उंबऱ्यातच उभा राहिला. बस म्हटलं. तो म्हणाला, कशावर? खुर्च्या लाकडाच्या दिवशीच गेल्या होत्या हे माझ्या लक्षातच नव्हतं. फुली होती त्यांच्यावर.

घर दाखवलं. तो नुसता हं हं करत होता. स्वयंपाकघराच्या भोकातून पलीकडे बघून म्हणाला, भाऊ, किती काम केलंत. कौतुकच केलं त्याने. मी म्हटलं, अजून टोकांना स्पंज लावायचाय.

जाताना म्हणाला, तुमची लेक बाईंना रोज फोन करते. विचारते, पिल्लाला अजिबात आवाज करायचा नाही असं शिकवता येतं का. भुंकायचं नाही, पळायचं नाही, काही पाडायचं नाही. बाबा घरी आले की एका जागी बसायचं, असं शिकवता येतं का.

ऐकून भरून आलं. चौथीतली पोर, पण ट्रेनिंगचा किती विचार करते. माझ्यावर गेली आहे. साडूला तसं सांगितलं. त्याने हातांनी चपला घातल्या आणि गेला. विचित्रच माणूस.

शनिवार, १५ नोव्हेंबर. संध्याकाळी.

काम फत्ते.

भिंतीच्या कोपऱ्यांना, ओट्याला, पलंगाच्या पायांना, सगळीकडे स्पंज. औषधं, फडकी, साबण, सगळं उंच फळीवर. शिडीवरून एकदाच पडलो. शिडीला जे सांगायचं ते सांगितलं, ती आता आखूड आहे. डबर गोणीत भरून खाली नेलं. फरशी तीनदा पुसली. घरात आता फुटेल, तुटेल, टोचेल असं काही उरलेलं नाही. अशी स्वच्छ साइट मी आजवर कुणाला हवाली केली नाही.

हॉलच्या मध्यभागी पिल्लाची गादी ठेवली. तिच्या शेजारी बसून बघितलं. घर फार मोठं वाटायला लागलंय. बोललं की घुमतं.

उद्या संध्याकाळी जेवायला सगळे असू. चार जण, पिल्लू धरून. मला त्या दोघी हव्या आहेत. हे इथे लिहून ठेवतो, कारण फोनवर सांगायला गेलो की भलतंच काहीतरी बोललं जातं.

संकल्प: उद्या आवाज चढवायचा नाही. हसत राहायचं. काहीही झालं तरी.

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी.

आंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट. गळ्याशी बटण लागेना. तीन प्रयत्नांत लागलं. शर्ट दुसरा घातला. मन एकदम शांत आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपारी चार.

त्या गेल्या. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे माझी बाजू स्पष्ट राहील.

बाई आल्या, त्यांच्याच गाडीतून बायको आणि लेकही. बाई बारीकशा, पांढरे केस, हातात टोपली. टोपलीत पिल्लू. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. लेक थोडी उंच झाल्यासारखी वाटली. मी हसून या या म्हटलं. ती आईच्या मागून आत आली.

मी बाईंना सगळं दाखवायला घेतलं. स्पंज, वायरी, फळ्या. बाईंनी मान हलवली, पण भिंतीकडे फारसं बघितलंच नाही. सरळ जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, माझी पद्धत वेगळी आहे, मी पिल्लाला सोडते आणि बसून राहते. तुम्ही तुमचं चालू द्या. ही कसली पद्धत? ना माप, ना काही. तरी मी हसत होतो.

पिल्लाला सोडलं. त्याने गादीवर न जाता फरशीवर शू केली. मी हसलो. मग माझ्या नव्या बुटाची लेस धरली आणि ओढत नेली. मी हसलो. बूट चावला. मी ठाम पण प्रेमळ आवाजात नको म्हटलं, इतकं छान जमलं की मलाच नवल वाटलं. बाई म्हणाल्या, छान. हसून हसून जबडा दुखायला लागला होता, पण बायकोच्या कपाळावरच्या आठ्या थोड्या कमी झालेल्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. लेक भिंतीपासून एक पाऊल पुढे आली होती. तिने पिल्लाला हात लावला. एकदा हसलीसुद्धा. मी मनात म्हटलं, जिंकलो.

शू पुसायला फडकं हवं होतं. फडकी उंच फळीवर. फळी लेकीच्या मागच्या भिंतीवर. मी चटकन पुढे झालो आणि फडकं काढायला हात वर केला.

एवढंच. हात वर केला. यापलीकडे मी काहीही केलेलं नाही.

पिल्लू होतं तिथेच बसून राहिलं, तोंड वर करून माझ्या हाताकडे बघत. हातात खाऊ आहे असं त्याला वाटलं असावं. शेपटी हलत होती.

लेक खाली बसली होती. दोन्ही हातांनी डोकं झाकून, कोपरं गुडघ्यांना चिकटवून, जेवढं लहान होता येईल तेवढं लहान होऊन. बायको तिच्या आणि माझ्या मध्ये उभी होती. इतक्या झटकन कशी आली कळलंच नाही, एरवी गुडघे दुखतात म्हणते. डोळे मिटलेले. दोघींच्या तोंडून चकार शब्द नाही. सवय असल्यासारखं चाललं होतं सगळं, कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही.

मी म्हटलं, अगं, फडकं घेत होतो. हे बघा, फडकं. फडकं हलवून दाखवलं. तर दोघी आणखी मागे सरकल्या.

माझा हात वरच राहिला होता थोडा वेळ. खाली कसा घ्यावा कळेना.

बाई उठल्या. पिल्लाला उचलून टोपलीत ठेवलं. मी विचारलं, घर कसं वाटलं? म्हणाल्या, घर चांगलं आहे, मेहनत घेतलीत. मी म्हटलं, मग पास ना? बाई म्हणाल्या, या पिल्लावर आजवर कुणी हात उगारलेला नाही. हात वर झाला की काय होतं हे त्याला माहीतच नाही. तसंच राहू दे.

मग त्यांनी लेकीला हात दिला. ती उठली आणि बाईंचा हात धरून जिना उतरली. बायको थांबली. तिने माझ्या हातातलं फडकं घेतलं, वाकून शू पुसली, फडकं मोरीत टाकलं आणि गेली.

मला कुणाचाच राग आलेला नाही. बाईंची पद्धतच चुकीची आहे. घर बघायला आल्या आणि घर सोडून भलतंच बघून गेल्या. कुठे तक्रार करता येते का बघायला हवं. लेकीलाही कुणीतरी सांगायला हवं होतं की बाबा फक्त फडकं घेतायत. पण कुणी सांगायचं? सांगायच्या आत ती खाली बसली होती.

बुधवार, १९ नोव्हेंबर. संध्याकाळी.

बाईंनी पिल्लू दिलं. साडूच्या घरी. बायकोने कळवलं की आम्ही आता इथेच राहणार, जवळच जागा बघतोय, तुम्ही येऊ नका.

मी फोन केला. तिसऱ्यांदा उचलला. लेकीशी बोलायचंय म्हटलं. ती आली. मागे पिल्लाची पळापळ ऐकू येत होती, भांडं पडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी हसलं. मी विचारलं, नाव काय ठेवलं त्याचं? ती म्हणाली, आहे एक. मी म्हटलं, अगं सांग की. ती म्हणाली, नाही सांगत. मी विचारलं, का? म्हणाली, तुम्ही ओरडाल ते. मी म्हटलं, नाही ओरडणार, खरंच. ती म्हणाली, माझं नाव ओरडता तसं ओरडाल, मग त्यालाही ते आवडायचं नाही.

मी ठीक आहे म्हटलं. तिने फोन ठेवला. रागाने नाही, नीट ठेवला.

नंतर हॉलच्या मध्यभागी जाऊन उभा राहिलो. तिचं नाव हळू आवाजात घेऊन बघावं म्हटलं. पुढेमागे लागेल, सराव असावा. घसा खाकरला. नाव घेतलं. मोठ्यानेच आलं. पुन्हा घेतलं, मुद्दाम दम धरून, अगदी खालच्या पट्टीत. पलीकडे मास्तरांनी आतून कडी लावली.